आपल्याला तो एकदाच भेटतो, त्याला आपण रोज भेटतो

दर थोड्या दिवसांनी मोबाइलवर एक क्लिप फिरते. विमानतळाच्या दारातून कुणीतरी नामवंत नट गाडीकडे निघालेला असतो, गर्दीतला एकजण त्याच्या खांद्याला खांदा लावून फोन उंचावतो आणि नट तो हात बाजूला सारतो. क्लिप जेमतेम सहा सेकंदांची. खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "एवढा माज बरा नव्हे", दुसरा म्हणतो, "त्याला जगू द्या की". त्याच आठवड्यात घरातल्या कुणाची तरी मावशी विमानात शेजारच्या सीटवर अमुक अमुक बसले होते म्हणून सांगत असते, "इतके साधे, इतके साधे, की विचारू नका."

अशा किस्स्यांशिवायचं मराठी घर सापडणं कठीण. प्रसिद्ध माणसं मूठभर असताना ती इतक्यांना भेटतात कशी? भेटल्यावर नाव नेमकं त्याच क्षणी का आठवत नाही? एकाला साधा वाटलेला माणूस दुसऱ्याला माजोरडा का वाटतो? आणि त्याचा फोटो काढून आपण नक्की काय काय करू शकतो? एकेक पाहू.

आधी थोडा हिशोब

मुंबई महानगराची लोकसंख्या ढोबळमानाने दोन कोटी धरू. या दोन कोटींत तुम्ही चेहऱ्यावरून ओळखाल असे नट, गायक, खेळाडू, पुढारी, बातम्या देणारे मिळून ३०० जण राहतात असं समजू. हा आकडा केवळ हिशोबापुरता आहे. तुमचा ५०० असेल, मालिका न बघणाऱ्याचा ५०. ३०० धरले तर साधारण ६६ हजार माणसांमागे एक 'ओळखीचा' चेहरा येतो.

आता चर्चगेटला उतरून ऑफिस गाठणारा माणूस दिवसाला दोनेक हजार चेहऱ्यांसमोरून जातो असं म्हणू. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर झाले सहा लाख चेहरे. सहा लाखांना ६६ हजारांनी भागलं तर उत्तर नऊ. म्हणजे वर्षातून नऊ वेळा कुणीतरी प्रसिद्ध दिसायला हवं! असं होत नाही, कारण ते सहा लाख चेहरे वेगवेगळे नसतात. रोजच्या ८:१२च्या फास्टला बरीचशी तीच माणसं असतात. शिवाय ३०० नामवंतांतले बहुतेक लोकलने जात नाहीत. ते गाडीत, काचांआड बसलेले असतात. (त्या काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली आहे, पण ते असो.) या सगळ्यापायी उत्तर वीस पटींनी घटवलं तरी दोन वर्षांतून एक भेट उरते. नोकरीच्या तीस वर्षांत पंधरा. म्हणजे मावशीच्या किस्स्यात अघटित असं काही नाही.

पण खरी गंमत हिशोब उलटीकडून केला की दिसते. त्या ३०० जणांतल्या प्रत्येकाला रोज सरासरी ४० माणसांनी ओळखलं असं समजा: लिफ्टमध्ये, पेट्रोल पंपावर, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. ३०० गुणिले ४० म्हणजे दिवसाला १२ हजार भेटी. वर्षाला सुमारे ४४ लाख. एका शहरात एका वर्षात ४४ लाख नवे किस्से तयार होत असतील, तर प्रत्येक कुटुंबात एखादा असणारच.

'योगायोग' हा शब्द आपण आपल्या बाजूने वापरतो. त्या माणसाच्या बाजूने त्यात योगायोग काहीच नसतो. तो नुसता मंगळवार असतो. ही तफावत लक्षात ठेवली की पुढची बरीचशी कोडी आपोआप सुटतात.

"पण नेमकं माझ्याच बाबतीत घडलं, त्याचं काय?"

हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांना फार जुना आहे. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या दोघांनी १९८९ साली योगायोगांवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं सार असं, की आकडा पुरेसा मोठा असेल तर वाटेल ते अचाट घडतं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण न्यू जर्सीतल्या लॉटरीचं आहे. तिथे एका बाईला चार महिन्यांत दोनदा मोठं बक्षीस लागलं. वर्तमानपत्राने छापलं की याची शक्यता सतरा लाख कोटींत एक. आकडा चूक नव्हता, पण तो उत्तर होता एका वेगळ्याच प्रश्नाचं: 'ठरावीक दोन सोडतींत एकेकच तिकीट घेणाऱ्या याच बाईला दोन्ही वेळा बक्षीस लागेल का?' प्रश्न बदलून 'अमेरिकेत इतके लोक इतकी तिकिटं घेत असताना कुणा ना कुणाला, कुठे ना कुठे, सात वर्षांत दोनदा लागेल का?' असा केला, की शक्यता निम्म्याहून जास्त निघते.

आपलंही तेच होतं. 'मला, त्याच दिवशी, त्याच डब्यात, माझ्या आवडीचीच गायिका' असं सांगितलं की अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी दुसरी कुणी भेटली असती, किंवा हीच वर्षभराने चितळ्यांच्या रांगेत दिसली असती, तरी आपण तितक्याच उत्साहाने सांगितलं असतं. आणि ज्या हजारो दिवसांत कुणीच भेटलं नाही, त्यांचा किस्सा कोण सांगतं?

"मला तर आयुष्यात कुणीच भेटलं नाही"

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं सरळ आहे: नामवंत मंडळी सगळीकडे सारखी पसरलेली नसतात, काही ठिकाणी ती दाटीने असतात. जुहू, वांद्रे, अंधेरीचा ओशिवरा-वर्सोवा पट्टा, आणि १९७७ साली उभी राहिलेली गोरेगावची चित्रनगरी. या टापूत भाजी आणायला जाणाऱ्याचा हिशोब आणि गोंदियातल्या माणसाचा हिशोब एक नाही. विमानतळ हे तर गाळणं आहे. तिथे नट असो की तुम्ही-आम्ही, सगळ्यांना सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. सर्वाधिक क्लिपा तिथल्या असतात त्या यामुळेच.

मराठी कलावंतांचा नकाशा मात्र थोडा वेगळा आहे, आणि मला तो जास्त आवडतो. नाटकाचे दौरे बसने होतात. मुंबईहून सांगली-कोल्हापूरकडे निघालेली नाटकाची बस हायवेवरच्या ढाब्यावर थांबते, आणि काल टीव्हीवर दिसलेला नायक तुमच्या शेजारच्या टेबलावर पिठलं-भाकरी मागवतो. वाई-मेणवली परिसरातल्या लोकांना तर शूटिंगचं अप्रूपही फारसं उरलेलं नाही, इतके सिनेमे तिथे झाले. दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व यांच्या आवारात शनिवारी-रविवारी घुटमळणाऱ्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

दुसरं उत्तर जरा झोंबणारं आहे. भेटलं असेल, तुम्हीच ओळखलं नसेल.

व्हायोलिन वाजत होतं, लोक ऑफिसला चालले होते

१२ जानेवारी २००७, शुक्रवारची सकाळ. वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्टेशनात जीन्स, टी-शर्ट आणि बेसबॉलची टोपी घातलेला एक तरुण भिंतीशी उभा राहून व्हायोलिन वाजवू लागला. त्याचं नाव जोशुआ बेल. जगातल्या नामांकित व्हायोलिनवादकांपैकी एक. हातातलं वाद्य १७१३ साली घडवलेलं स्ट्रॅडिव्हेरियस, लक्षावधी डॉलर किमतीचं. तीनच दिवसांपूर्वी बोस्टनच्या सभागृहात त्याच्या मैफलीला बऱ्यापैकी जागेचं तिकीट १०० डॉलर होतं आणि सभागृह भरलं होतं. हा प्रयोग 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने लपवलेला कॅमेरा लावून केला होता.

४३ मिनिटांत १,०९७ माणसं समोरून गेली. किमान मिनिटभर थांबले सातजण. २७ जणांनी पैसे टाकले, बहुतेकांनी चालता चालता. जमले ३२ डॉलर आणि वर थोडी चिल्लर. त्याला ओळखलं एका बाईने, तेही शेवटी शेवटी, आणि तेही तिने तीन आठवड्यांपूर्वी त्याला एका मोफत मैफलीत पाहिलं होतं म्हणून. तिने दिलेले वीस डॉलर या ३२ मध्ये धरलेले नाहीत.

यावरून लोकांना संगीत कळत नाही असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. सकाळी आठ वाजता ट्रेन गाठणाऱ्याकडून रसिकतेची अपेक्षा धरू नये. यातून एवढंच सिद्ध होतं की आपण माणूस ओळखतो तो निम्मा चेहऱ्यावरून आणि निम्मा जागेवरून. रंगमंच, प्रकाश, तिकीट, 'टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया' हे सगळं काढून घेतलं की उरतो तो भिंतीशी उभा असलेला एक माणूस.

चेहरा ओळखीचा, नाव मात्र येत नाही

मेंदूत चेहऱ्यांसाठी खास राखीव म्हणावी अशी जागा आहे, कानाच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी. तिच्या जोरावर आपण भरमसाट चेहरे ओळखतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली मोजून पाहिलं तेव्हा सरासरी माणूस सुमारे ५,००० चेहरे ओळखतो असं निघालं. कुणी हजार, कुणी दहा हजार. यात घरचे, दारचे, शाळासोबती आणि पडद्यावरचे सगळे आले. मेंदूच्या लेखी शेजारच्या कुलकर्णी वहिनी आणि मालिकेतली सासू एकाच कपाटात असतात.

ओळखण्याचं काम पायऱ्यापायऱ्यांनी होतं, असं व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ साली मांडलं. पहिली पायरी म्हणजे 'हा चेहरा पाहिलेला आहे'. दुसरी, 'हा कोण: नट की बँकेतला?' तिसरी, सगळ्यात वरची आणि सगळ्यात निसरडी, म्हणजे नाव. त्याआधी १९८५ साली यंग आणि सहकाऱ्यांनी २२ जणांना आपापल्या ओळखण्यातल्या चुकांची रोजनिशी ठेवायला सांगितली होती. 'व्यवसाय आठवतोय, नाव आठवत नाही' अशा नोंदी भरपूर आल्या. 'नाव आठवतंय पण हा कोण ते माहीत नाही' अशी नोंद एकही आली नाही.

कधी कधी आपण पहिल्याच पायरीवर अडकतो. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली दिलेलं याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: रोज दुकानात दिसणारा खाटीक बसमध्ये दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण ते सुचत नाही. दुकान नसल्यामुळे दुसरी पायरीच सापडत नाही. दादर स्टेशनच्या पुलावर मालिकेतला नट दिसला की नेमकं हेच होतं. ओळख तर पक्की वाटते, मग मेंदू जवळचा अर्थ लावतो: नात्यातलाच कुणीतरी असणार. लोक बिनधास्त पुढे होऊन म्हणतात, "काय, घरी सगळे बरे? परवा लग्नात दिसला नाहीत." नटही सरावलेला असतो. "हो, जरा बाहेरगावी होतो," म्हणून सुटका करून घेतो.

आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी अमेरिकेत नव्याने घरोघर आलेल्या टीव्हीचा अभ्यास करताना एका नात्याला नाव दिलं: पॅरासोशल. म्हणजे एकतर्फी ओळख. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी येतो, त्याचे लकबी-लहेजे आपल्याला पाठ होतात. मेंदूला हे मैत्रीसारखंच वाटतं. फक्त मैत्रीचं दुसरं टोक रिकामं असतं.

यात वेडेपणा काही नाही. सर्वांचंच असं होतं. वेडेपणा तेव्हा सुरू होतो, जेव्हा आपण दुसरं टोक भरलेलं आहे असं समजून वागतो. आपल्याकडे त्याचे नमुने ठसठशीत आहेत. निळू फुले माणूस म्हणून सेवादलाच्या संस्कारातले, मृदू, सामाजिक चळवळींसाठी वेळ आणि पैसा देणारे. पण पडद्यावरचा त्यांचा सरपंच आणि सावकार इतका अस्सल होता की गावोगावच्या बायका त्यांना बघून शिव्या घालायच्या, दूर पळायच्या. उलटं टोक अरुण गोविलांचं. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं लोक त्यांना भेटल्यावर पायांवर डोकं ठेवत राहिले. दोन्हीकडे भेट नटाशी झालीच नाही. पात्राशी झाली.

आता तर हे आणखी घट्ट झालं आहे. इन्स्टाग्रामवर नटी स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलते, मांजर दाखवते, सर्दी झाल्याचं सांगते. त्यामुळे प्रत्यक्ष भेटल्यावर "सर्दी कशी आहे आता?" असं कुणी अनोळखी माणसाने विचारलं तर त्याचा राग धरता येत नाही. दारातून आत तिनेच बोलावलेलं असतं.

"पडद्यावर केवढा दिसतो, प्रत्यक्षात एवढासा!"

कॅमेरा खालून लावता येतो, नटाला पाटावर उभं करता येतं. पण ही फसगत फक्त कॅमेऱ्याची नाही. १९६८ साली पॉल विल्सन या संशोधकाने एकाच पाहुण्याची ओळख वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळी करून दिली: कुठे विद्यार्थी, कुठे व्याख्याता, कुठे प्राध्यापक. नंतर मुलांना त्याची उंची विचारली. जसजशी पदवी चढत गेली तसतशी उंचीही चढली. 'विद्यार्थी' आणि 'प्राध्यापक' यांत सुमारे अडीच इंचांचा फरक पडला, माणूस तोच. तेव्हा नट बुटका निघाला असं म्हणण्यापेक्षा, तो आपल्याच डोक्यात उंच झाला होता असं म्हणावं.

"पण तो खरंच माजोरडा होता, मी स्वतः पाहिलं!"

लग्नाच्या रिसेप्शनमध्ये स्टेजवर उभा असलेला नवरदेव आठवा. आपण पाकीट घेऊन रांगेत अर्धा तास उभे राहतो, वर जातो, हात मिळवतो, "ओळखलंस का? मी तुझ्या बाबांचा पेणचा मित्र" म्हणतो. तो हसतो, फोटो निघतो, आपण जेवायला जातो. आपल्यासाठी ती एक भेट. त्याच्यासाठी ती त्या संध्याकाळची चारशेवी. फेटा टोचतोय, बूट चावतायत, सकाळपासून पोटात काही नाही. पाचशेव्या पाहुण्याला त्याने नीट उत्तर दिलं नाही तर पाहुणा गावभर सांगतो, मुलगा शिष्ट आहे. नवरदेवाची सुटका रात्री अकराला होते. नामवंताचं रिसेप्शन वर्षानुवर्षं चालू असतं, आणि पाहुण्यांना पत्रिका त्याने पाठवलेली नसते.

याला मानसशास्त्रात नाव आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत शोधत नाही. ली रॉस यांनी १९७७ साली याला आरोपणातली मूलभूत चूक म्हटलं. आपण रिक्षावाल्यावर खेकसलो तर कारण असतं उशीर झाल्याचं. नट आपल्यावर खेकसला तर कारण त्याचा स्वभाव. दोन मिनिटांच्या एका नमुन्यावरून आपण माणसाच्या सबंध चारित्र्याचा निकाल देतो. "इतके साधे, इतके साधे" हा मावशीचा निकालही तितक्याच कच्च्या पुराव्यावर उभा आहे, हे मात्र तिला सांगू नये.

काही जण खरंच उर्मट असतात, हे कबूल. पण ते क्लिपवरून कळत नाही. क्लिप सुरू होण्याआधी दहा मिनिटं तो माणूस किती फोनांपुढे हसला होता, हे कॅमेऱ्यात नसतं.

किस्से वर्षागणिक मोठे का होतात

पहिल्या वर्षी 'दिसला' असतं. दुसऱ्या वर्षी 'हसला' होतं. पाचव्या वर्षी 'म्हणाला, चहा घेऊया'. सांगणारा खोटं बोलतोच असं नाही. आठवण ही काढून ठेवलेली फाइल नसते, दर वेळी ती नव्याने रचली जाते.

याचा नामी प्रयोग २००२ साली झाला. कॅथरिन ब्रॉन, रिआनन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी काही जणांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखवली. तिच्यात बग्ज बनी हा ससा मुलांशी हस्तांदोलन करत होता. नंतर विचारल्यावर सुमारे १६ टक्के लोकांनी, लहानपणी डिस्नेलँडमध्ये आपण बग्ज बनीला भेटलो होतो असं सांगितलं. हे शक्यच नव्हतं. बग्ज बनी डिस्नेचा नाही, वॉर्नर ब्रदर्सचा. प्रतिस्पर्ध्याच्या आवारात त्याला कुणी पाऊलही ठेवू दिलं नसतं.

आठवण दगा देते ती फक्त सामान्य माणसालाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सचिन तेंडुलकरने समाजमाध्यमांवर एक आवाहन केलं. चेन्नईत कसोटी सामन्यासाठी ताज कोरोमंडल हॉटेलात उतरलेला असताना तिथल्या एका कर्मचाऱ्याने त्याला सांगितलं होतं, की तुम्ही कोपराचं पॅड घातलं की बॅटचा स्विंग बदलतो. सचिनला स्वतःला ते जाणवत होतं, पण दुसऱ्या कुणी कधी बोललं नव्हतं. त्यानंतर त्याने पॅडची रचना बदलून घेतली. इतक्या वर्षांनी त्या माणसाला शोधायला मदत करा, असं ते आवाहन. माणूस सापडला. सचिनला तो कॉफी आणून देणारा वेटर म्हणून आठवत होता. बातम्यांनुसार तो तेव्हा तिथे सुरक्षारक्षक होता.

सचिनला आयुष्यात लाखो माणसं भेटली असतील. त्यातला हा एक का लक्षात राहिला? त्याने बॅटीबद्दल सांगितलं. ज्याच्याबद्दल तो दिवसरात्र विचार करत होता, त्याबद्दल, आणि नवीन काहीतरी.

"प्रसिद्धी हवी होती ना? मग सोसा"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्यात तथ्यही आहे. ज्यांच्या प्रसिद्धीवर घर चालतं त्यांनी प्रसिद्धीची थोडी गैरसोय सोसावी, यात गैर काही नाही. स्वतःच छायाचित्रकारांना कळवून 'अचानक' दिसणारेही असतात, त्यांच्याबद्दल फार कळवळा बाळगण्याचं कारण नाही. पण तिकीट आपण नाटकाचं काढलेलं असतं, माणसाचं नाही.

कायदाही साधारण असंच मानतो. १९९४ सालच्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला एकटं राहू देण्याच्या हक्काचा उल्लेख केला. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. रस्त्यावर चाललेल्या माणसाचा फोटो काढला म्हणून एरवी कुणी तुम्हाला तुरुंगात टाकत नाही. पाठलाग, धक्काबुक्की, घराच्या खिडकीतून डोकावणं, त्याच्या लहान मुलांना घेरणं, ही वेगळी गोष्ट.

खरी अडचण फोटो धंद्यासाठी वापरला की येते. मिसळीच्या हॉटेलात गल्ल्यामागे मालक आणि नट यांची फ्रेम असते, ती आठवण म्हणून खपून जाते. तोच फोटो फ्लेक्सवर छापून 'यांची पसंती आमची मिसळ' लिहिलं की गाठ वकिलाशी. नाव, चेहरा, आवाज यांच्या धंदेवाईक वापरावर त्या व्यक्तीचा हक्क असतो, असं न्यायालयं अलीकडे ठामपणे सांगू लागली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या बाजूने तसा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल रोखली. (जाता जाता: १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. तुमचा हात आखूड म्हणून नटाने तुमचाच फोन धरून सेल्फी काढला, तर कायद्याच्या अक्षरानुसार कर्ता तो.)

आणि गर्दी. एकट्यादुकट्याची भेट आणि बातमी फुटून जमलेला जमाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४ डिसेंबर २०२४च्या रात्री हैदराबादच्या एका चित्रपटगृहात नायक येणार म्हणून उसळलेल्या गर्दीत एक महिला चेंगरून मरण पावली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. तेव्हा तुम्हाला कुणी दिसलंच, तर 'लवकर ये, अमुक आलाय' असा मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर टाकण्याआधी दोनदा विचार करा. तो माणूस जाईपर्यंत तरी.

मग समोर आलेच तर?

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली शहरी माणसाच्या एका सवयीचं वर्णन केलं होतं: समोरच्याला पाहिलं एवढं नजरेने कळवायचं आणि लगेच नजर बाजूला घ्यायची. याला सभ्य दुर्लक्ष म्हणू. पार्ल्यात, शिवाजी पार्कात, डेक्कनवर सकाळी फिरायला येणाऱ्या नामवंतांना ते भरपूर मिळतं, म्हणून तर ते तिथे फिरायला येतात.

बोलायचंच असेल तर घास तोंडात नसताना बोला. सोबत मुलं असतील, दवाखाना असेल, स्मशानभूमी असेल (होय, तिथेही सेल्फी मागणारे असतात), तर नको. "तुमची फार मोठी फॅन आहे" हे वाक्य त्यांनी त्या दिवशीच अनेकदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा "तुमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात तुम्ही चष्मा पुसता, तिथे मला माझे वडील दिसले" हे सांगा. तो थांबेल. कदाचित विचारेल, कुठल्या प्रयोगाला आला होतात?

आणि योगायोगाची वाट बघायची नसेल तर मराठी माणसाकडे एक सोय कधीपासून आहे, जी हिंदी सिनेमावाल्याच्या चाहत्याकडे नाही. नाटकाचं तिकीट काढायचं, प्रयोग संपल्यावर पडद्यामागच्या दाराने रंगपटात जायचं. तिथे नट अर्धा मेकअप उतरवून, टॉवेल खांद्यावर टाकून, लोक येणार हे धरूनच बसलेला असतो. रांग असते, पण हलते. फक्त प्रयोग दुसऱ्या गावचा असेल तर फार वेळ घेऊ नका, बाहेर बस उभी असते.